काही त्रास नसलेल्यांची रांग

आमच्या घरात माझा आजार तीन ठिकाणी ठेवलेला होता. गोळ्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे, तपासण्यांची फाइल दिवाणात रजयांखाली, आणि उरलेला माझ्या पोटात. पाहुणे आले की पहिल्या दोन जागांवरून आई एकदा नजर फिरवून घ्यायची. तिसऱ्या जागेची जबाबदारी माझ्यावर होती.

आजाराचं नाव इंग्रजी आहे आणि लांबलचक आहे. त्यात मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त जातं आणि दिवसातून कितीतरी वेळा हातातलं काम टाकून पळावं लागतं. तो कायमचा बरा होत नाही, गोळ्यांनी शांत होतो आणि मनात आलं की पुन्हा उठतो. हे कळलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि पुण्यात नोकरी करत होते. नोकरी सोडून मंगरूळपीरला परत आले. लोकांना सांगितलं, वर्क फ्रॉम होम. या उत्तरावर आमच्या गावात कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. शेजारच्या काकू आल्या की मी लॅपटॉप उघडून बसायचे. त्यात बहुतेक वेळा हवामान असायचं.

घराची अट एकच होती. बाहेर कळायला नको. कारण लग्न. "एकदा का पोरीवर आजाराचं नाव पडलं, का मंग दाराशी कोणी येत नाही," असं आई एकदाच म्हणाली होती. बाबा तहसील कार्यालयात आहेत. ते माझ्या आजाराकडे गोपनीय शिक्का मारलेल्या कागदासारखं पाहायचे, म्हणजे पाहायचेच नाहीत. मला ही अट जड नव्हती. मी वाशीमच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे वऱ्हाडी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी इंग्रजी बोललं की आईला हसू यायचं. त्यामुळे मी एकूणच कमी बोलते.

मधल्या काळात डॉक्टरांनी काही आठवडे वेगळ्या गोळ्या दिल्या. त्यांनी चेहरा सुजून गोल होतो. माझाही झाला. बाजारात बायका थांबवून म्हणायच्या, "आता कशी भरली पोरगी! पुण्यात पार वाळून गेलती." मी थँक्यू म्हणायचे. माझ्या दिसण्याचं इतकं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं आणि त्यानंतरही झालेलं नाही.

अकोल्याला तिसऱ्यांदा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे? मी म्हटलं, चांगली. आई म्हणाली, "झोपत नाही, बोलत नाही, एसटीत बसाचं नाव काढत नाही. इथं यायले गाडी करा लागली." ते खरं होतं. कुठेही जायचं म्हटलं की माझ्या डोक्यात त्या रस्त्यावरच्या संडासांचा नकाशा उघडायचा, आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर तो नकाशा फार रिकामा असतो. दिवसभर मी पुढच्या अर्ध्या तासाची भीती बाळगत बसायचे. तो गेला की त्याच्या पुढच्या अर्ध्या तासाची.

डॉक्टर म्हणाले, "हलका योगा सुरू करा. श्वासाचा, आरामाचा. त्याने आजार जाणार नाही, गोळ्या एकही बंद करायची नाही. पण मन जरा निवलं तर आजारासोबत राहणं सोपं जातं."

आईने पिशवीतून पेन काढलं. "जेवणाआधी का जेवणानंतर?"

डॉक्टरांच्या दारात वीस माणसं उभी होती. "रिकाम्या पोटी," ते म्हणाले. आईचं समाधान झालं. म्हणजे हे औषधच होतं.

पहिले काही दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ लावून घरीच केलं. त्यात समुद्राकाठी बसलेली एक बाई इंग्रजीत हळू आवाजात सांगायची, की आपल्या पोटाकडे लक्ष न्या आणि त्याच्याकडे बघून हसा. माझे आणि माझ्या पोटाचे संबंध तेव्हा तितके चांगले नव्हते. मग ती म्हणायची, शरीर काय सांगतंय ते ऐका. मी वर्षभर दुसरं काही ऐकतच नव्हते.

शेजारच्या काकूंनी एक दिवस आईला विचारलं, "दिवसभर लॅपटॉपपुढं बसून राह्यते. सिस्टरबाईच्या योगाले काहून नाही पाठवत?" आई लगेच तयार झाली. औषध तर पोटात जाणारच होतं, शिवाय रोज सकाळी योगाला जाणारी मुलगी लोकांना ठणठणीत दिसते.

वर्ग सकाळी सहाला भरायचा, एका कापड दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये. दुकान ज्यांचं त्या जैन कुटुंबातल्या भाभींना बीपी होतं, म्हणून हॉल फुकट मिळाला होता. शिकवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना सगळं गाव सिस्टर म्हणतं. योगाचं प्रशिक्षण त्यांनी रीतसर घेतलेलं होतं, पण तीस वर्षांची सवय वॉर्डाची होती. त्या आल्या की आधी राउंड घ्यायच्या. सतरंज्यांवर बसलेल्या प्रत्येक बाईपुढे थांबून एकच प्रश्न, "काय त्रास?"

बाया या प्रश्नाची वाटच पाहत असत. घरी त्यांना हे कोणी विचारत नसावं. काकूंचे गुडघे होते. भाभींचं बीपी होतं, आणि त्याचे वर-खालचे दोन्ही आकडे त्या वर्गाला बातम्यांसारखे द्यायच्या. शेतावरून येणाऱ्या एका आजींना शुगर होती. "काल पाव्हण्याईच्या घरी गुलाबजाम खाल्ला," त्या कबूल करायच्या. सिस्टर विचारायच्या, "एक?" आजी छताकडे पाहायच्या.

उत्तराप्रमाणे रांगा होत्या. खिडकीकडे बीपी, मध्ये शुगर, भिंतीशी गुडघे, आणि गुडघ्यांना खुर्च्या.

पहिल्या दिवशी सिस्टर माझ्यापुढे थांबल्या. "काय त्रास?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "काहीच नाही?"

"नाही."

"मंग समोर ये."

अशी चौथी रांग तयार झाली. काही त्रास नसलेल्यांची. त्या रांगेत मी एकटीच होते.

आजारी बायांना सिस्टर हलकं द्यायच्या. खुर्चीवर बसून हात वर, श्वास आत, हात खाली, श्वास बाहेर. पाठीवर पडून गुडघ्यांखाली उशी. मकरासनात पालथं पडून नुसतं पोटाचं वर-खाली होणं पाहायचं. पण धडधाकट तरुण मुलीला असलं काही देऊन वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मला बारा सूर्यनमस्कार होते. मग नौकासन. मग चक्रासन. डॉक्टरांनी मला ज्याच्यासाठी पाठवलं होतं ते सगळं माझ्या पाठीमागे तीन रांगांमध्ये चाललेलं असायचं, आणि मी समोर कमान होऊन ते उलटं पाहायचे.

"पाहा," सिस्टर मागच्यांना सांगायच्या, "ह्या वयात केलं असतं तर तुमची अशी गत झाली नसती."

मोजणी सिस्टरच करायच्या आणि त्यांचं गणित कच्चं होतं. सूर्यनमस्कारात सातनंतर एकदम नऊ यायचा. मी सुधारायला जायचे नाही.

तरी मी जात राहिले, कारण शेवटी भ्रामरी असायची आणि ती सगळ्यांना सारखी होती. अंगठ्यांनी कान बंद, बोटं डोळ्यांवर, आणि श्वास सोडताना नाकातून भुंग्यासारखा आवाज. चौदा बाया एकदम घुमायला लागल्या की खालच्या दुकानाचं शटरही बारीक वाजायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा मला फार लाज वाटली. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं, की तेवढा वेळ मी पुढच्या अर्ध्या तासाचा विचार केला नव्हता. कानात इतका आवाज असतो की पोट काही म्हणत असलं तरी ऐकू येत नाही. डोळे उघडले तेव्हा हॉल तोच होता, पोटही तेच होतं, पण मी कुठूनतरी जाऊन आल्यासारखी होते.

मग मी घरीही करायला लागले, गच्चीवर, भल्या सकाळी. आईला वाटलं पाण्याची मोटर बिघडली. महिनाभराने मी एकटी भाजी बाजारात गेले. त्यानंतर एकदा एसटीने वाशीमला जाऊन आले, एक तास जायला, एक तास यायला. खिडकीशी बसून पूर्ण रस्ता श्वास मोजत होते. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. शेजारच्या बाईने मला विचारलं की मला गाडी लागते का. मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात मी तोपर्यंत तरबेज झाले होते. आजार बरा झाला नव्हता, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण जो घरभर पसरून बसला होता, तो एका खोलीत गेला.

दिवाळीच्या आधी तो पुन्हा बाहेर आला. रक्त दिसायला लागलं. मी अकोल्याला फोन केला, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. नेमकं त्याच आठवड्यात काकूंनी स्थळ आणलं.

मुलगा वाशीमचा, नोकरीला पुण्यात. आमच्याकडे स्थळाचं एक शास्त्र आहे. मुलीला रीतसर पाहायला येण्याआधी मुलाकडची एखादी बाई 'सहज' येऊन जाते. कधी देवळात, कधी हळदीकुंकवाला. मुलीला ते माहीत असतं, त्या बाईला माहीत असतं की मुलीला माहीत आहे, आणि कोणीच तसं म्हणत नाही. आमच्या वेळी मुलाची आत्या सहज योगाच्या वर्गाला येणार होती. मुलीची तब्येत पाहायला यापेक्षा चांगली जागा शोधूनही मिळाली नसती.

"उद्या निळा ड्रेस घाल," आई म्हणाली. "अन् सगळं नीट करजो."

"आई, तीन दिवसांपासून सुरू आहे पुन्हा."

आई भाजी निवडत होती. तिने मेथीची एक अख्खी जुडी निवडून संपवली. मग खालीच पाहत म्हणाली, "एका दिवसाचा प्रश्न हाय."

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. काकूंनी त्यांना माझ्या अगदी मागे बसवलं. सिस्टरचा राउंड त्यांच्यापाशी आला.

"काय त्रास?"

"मले बाप्पा काही नाही," आत्या हसून म्हणाल्या. "मी तं सहज आली."

"मंग समोर या," सिस्टर म्हणाल्या.

काही त्रास नसलेल्यांच्या रांगेत आम्ही आता दोघी झालो. सिस्टरनी सूर्यनमस्कार सुरू केले. पहिल्यात आत्यांनी मान राखला. दुसऱ्यात खाली गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या.

"अहो आत्याबाई?" सिस्टर वाकून म्हणाल्या.

"मले बीपी हाय," आत्या जमिनीकडे तोंड करून म्हणाल्या. "अन् डावा गुडघा."

सगळा हॉल हसला. त्याही हसल्या. "मंग पह्यलेच सांगाव ना वं माय!" आजी म्हणाल्या. भाभींनी खिडकीकडे सरकून जागा केली, पाणी दिलं, आणि वरचा आकडा किती असतो ते विचारून घेतलं. दोन मिनिटांत आत्या मागच्या रांगेत पाय पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नव्हतं. मी समोर एकटी राहिले.

अर्थात त्यांचं तसं होतं, कारण त्यांचं लग्न झालेलं होतं.

सूर्यनमस्कार झाले. नौकासन झालं. मग सिस्टर म्हणाल्या, "आता कपालभाती. एक, दोन..." पोटाला आतून झटके द्यायचे असतात. दहापर्यंत मी गेले. मग मी उठले आणि काही न सांगता हॉलमागच्या संडासाकडे गेले. चालत गेले असं मला आठवतं. काकू म्हणतात पळत गेले.

आत मी दहा मिनिटं असेन. बाहेरून एकही आवाज येत नव्हता, म्हणजे सगळा वर्ग थांबला होता. मी तोंड धुतलं आणि कारणं जुळवून ठेवली. पाणी प्यायला गेले होते. चक्कर आली. सकाळी काहीतरी खाल्लं होतं. तिन्ही चांगली होती. बाहेर आले तर चौदा बाया आणि आत्या माझ्याकडे पाहत होत्या.

सिस्टर जवळ आल्या. राउंडच्या आवाजात नाही, हळू विचारलं, "काय त्रास?"

मी तोवर हा आजार कोणाला मराठीत सांगितलाच नव्हता. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना तो दुसऱ्या कोणाचातरी वाटायचा. मी म्हटलं, "माझ्या मोठ्या आतड्याला जखमा आहेत. रक्त जातं. दीड वर्ष झालं. गोळ्या सुरू आहेत. बरा होत नाही."

एवढंच होतं. इतके दिवस सांभाळलेली गोष्ट पाच वाक्यांत संपली, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

"मतलब, कॅन्सर?" भाभींनी विचारलं.

"नाही."

"लागट हाय का?" मागून कोणीतरी.

"नाही."

"मंग असू दे," आजी म्हणाल्या आणि सतरंजीवर परत आडव्या झाल्या.

सिस्टरनी मला भिंतीशी नेलं. पाठीवर निजवलं, गुडघ्यांखाली लोड दिला, अंगावर भाभींची शाल टाकली. एक हात छातीवर, एक पोटावर. "जोर नाही लावाचा. श्वास येते तसा येऊ दे. पोट दुखलं तं हात उचलून ठेव." मग त्यांनी सगळ्या वर्गालाच शवासन दिलं. बहुतेक त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

मी डोळे मिटले. शेजारी कोणाची तरी बांगडी वाजली आणि थांबली. थोड्या वेळाने डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. शवासनात ते पुसता येत नाही, हलायची परवानगी नसते. आजी घोरायला लागल्या. मला आठवतं ते एवढंच, की पोटावरचा माझा हात मला जड वाटला नाही, आणि मी कशाचीही वाट पाहत नव्हते.

वर्ग सुटल्यावर आत्या माझ्याजवळ आल्या. डोक्यावरून हात फिरवला. "गोळ्या वेळेवर घेजो, बाई," म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, आणि त्यातूनच मला निकाल कळला. काकू चपला घालताना माझ्याकडे न पाहता पुटपुटल्या, "एक दिवस! एक दिवस दम निघाला नाही पोरीले."

सिस्टर हॉलच्या खिडक्या लावत होत्या. मी म्हटलं, "मी आधी सांगायला हवं होतं."

"मले पह्यल्याच दिवशी शंका आलती. तो चेहरा गोळ्याईचा होता. तीस वर्षं तेच पाह्यलं म्या."

"मग सूर्यनमस्कार का घालायला लावले?"

"तू म्हणे काही नाही. काही नाही म्हणणाऱ्याले मी काय मकरासन देऊ?" त्यांनी कडी लावली. "म्हणून तं आठवा खाऊन टाकत होती."

मी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला, परत लावला. त्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतं बोलली, दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. मी रोज सहाला वर्गाला जात होते. माझी जागा भिंतीशी ठरली होती. राउंडच्या वेळी सिस्टर थांबल्या की मी सांगायचे, आज चार वेळा, आज तीन वेळा, आज रक्त नाही. पहिल्या वेळी माझी मान खाली होती. नंतर भाभींच्या बीपीनंतर माझा आकडा ऐकण्याची सगळ्यांना सवय झाली.

आठवड्याने एका दुपारी काकू निरोप घेऊन आल्या. "वाशीमवाले म्हणतात, पत्रिका जमत नाही."

आई म्हणाली, "बरं." आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

काकू गेल्यावर आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "कोणाकोणाले माहीत झालं?"

"वर्गात होत्या त्या सगळ्यांना."

"भाभीले?"

"हॉल त्यांचाच आहे."

"म्हणजे दुकानावर गेलं. म्हणजे गावात गेलं." ती स्वतःशीच एकेक घर पार करत होती. मी वाट पाहिली. आता ती रडेल किंवा रागावेल असं वाटत होतं, आणि दोन्हीसाठी माझी तयारी होती. मी पोटावर हात ठेवून श्वास मोजायला सुरुवातही केली होती. पण ती वळून बाहेर गेली. थोड्या वेळाने बैठकीतून तिचा आवाज आला. तिने कामरगावला मावशीला फोन लावला होता. सख्खी मोठी बहीण, रोज बोलणं, आणि दीड वर्षात तिला यातलं अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

"ताई," आई म्हणाली, "पोरीच्या आतड्याले जखमा हायेत वं." मावशी तिकडून काहीतरी बोलत असावी. मग आई जी बोलायला लागली ती थांबेचना. अकोल्याचे डॉक्टर, दुर्बिणीची तपासणी, माझं रात्री-बेरात्री उठणं, तिचं माझ्या खोलीबाहेर सतरंजीवर पडून राहणं, जे मलाही माहीत नव्हतं. ती हसली एकदा. एकदा म्हणाली, "अवं, मले कोणाले सांगताच येत नव्हतं, माह्यंच पोट फुगून आलतं."

फोन सव्वा तास चालला. जखमांचा आकडा आईने बराच वाढवून सांगितला. मी मध्ये जाऊन दुरुस्ती केली नाही.